टेप कुठून धरायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एकतीस वर्षं पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवला. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून माल भरायचा आणि मालेगाव, धुळे, साक्री, शिरपूर, पारोळा, एरंडोल, कधी पार शहाद्यापर्यंत पंपांवर नेऊन खाली करायचा. बरीच वर्षं गाडी बारा हजार लिटरची होती, शेवटी वीस हजारांची मिळाली. २०१९ मध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी स्टेअरिंग सोडलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा पंपांच्या वाईटावरचा माणूस आहे. पंपांनीच माझी चूल पेटवली, दोन मुलींची लग्नं लावली. मुलगा आजही याच धंद्यात आहे, म्हणून पत्राखाली माझं नाव छापू नका एवढी विनंती. पानेवाडीच्या ड्रायव्हरकडे लोक तसंही जरा तिरकंच बघतात. २५ जानेवारी २०११ ला तिथे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे साहेबांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. त्या दिवसानंतर कित्येक महिने मी कुठे काम करतो हे पाहुण्यांत सांगायला मला लाज वाटायची.

आता मुद्द्याचं. मी राहतो ते देवपूरच्या पलीकडे, हद्दवाढीत महापालिकेत आलेल्या एका वस्तीत. प्लॉट घेतला तेव्हा चारी बाजूंनी कपाशी होती आणि रात्री कोल्हे ओरडायचे. आता शाळा आहे, दोन दवाखाने आहेत, पिठाची गिरणी आहे, संध्याकाळी पाणीपुरीच्या गाड्या लागतात. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जो मोकळा कोपरा होता, तिथे दिवाळीनंतर पत्रे ठोकले गेले. मग जेसीबी आला, मुरूम पडला. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, तेव्हा कळलं की पंप येतोय.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. एक गट म्हणाला, बरं झालं, प्लॉटचे भाव वाढतील, गाडीत तेल टाकायला पूल ओलांडून जायला नको. दुसरा म्हणाला, उद्या आग लागली तर? मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारची वहिनी म्हणाली, "आते काय करनं, आबा? तुमले त्यामानं समजस."

मला जेवढं समजतं तेवढंच लिहितो.

पंप म्हटलं की लोकांना नोझल दिसतो, कॅनोपी दिसते, हवा भरायचं मशीन दिसतं. माझ्यासारख्याला दिसतात त्या जमिनीखालच्या टाक्या, त्या भरायचं तोंड आणि कोपऱ्यात उभा असलेला व्हेंट पाईप. तो पाईप कशासाठी असतो हे पारावर कुणालाच माहीत नव्हतं, अगदी सायन्सच्या सरांनाही. टाकी कधीच नुसती रिकामी नसते. पेट्रोल नसेल त्या जागेत पेट्रोलची वाफ भरलेली हवा असते. मी वरून बारा हजार लिटर पेट्रोल सोडलं की आतली तेवढीच वाफाळ हवा व्हेंटमधून बाहेर पडते. बारा हजार लिटर आत, बारा हजार लिटर बाहेर. अर्धा-पाऊण तास हे चालतं. व्हेंट जमिनीपासून किमान ४ मीटर उंच हवा असा नियम आहे. ४ मीटर म्हणजे किती? आमच्या शाळेच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीएवढे. सहावीचा वर्ग आहे तिथे.

ही वाफ वर उडून जात नाही. हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे ती खाली बसते, उताराने जाते, गटारीत उतरते, तळघर सापडलं की तिथे मुक्काम करते. डिझेलचं तसं नाही, ते थंड स्वभावाचं. पेट्रोल मात्र माघातल्या पहाटेही पेट घ्यायला तयार असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. दुपारी दोन वाजता चेंबरचं झाकण उघडलं की वाफेचा भपकारा तोंडावर यायचा आणि समोरची भिंत पाण्यातून पाहिल्यासारखी हलताना दिसायची. ती वाफ बेन्झिनची पण असते. बेन्झिन म्हणजे कॅन्सरला आमंत्रण, हे मला डेपोतल्या एका ट्रेनिंगमध्ये कळलं, तोवर वीस वर्षं ती छातीत भरून झाली होती.

वेळेचंही सांगतो. डेपोच्या गेटवर पहाटेपासून गाड्यांची लाईन लागते. नंबर येऊन माल भरून, सील होऊन, कागद हातात पडेपर्यंत नऊ-दहा वाजतात. तिथून मालेगावमार्गे धुळं ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. म्हणजे गाडी पंपावर लागते बारा-एकच्या सुमारास. पोचल्याबरोबर पाईप लावत नाहीत. इंजिन बंद, अर्थिंगची वायर जोडायची, गाडी थोडी निवू द्यायची, डिप घ्यायची, म्हणजे टाकीत दांडा घालून आत माल किती ते मोजायचं, घनता तपासायची आणि मग माल सोडायचा. बरोबर शाळेच्या मधल्या सुट्टीत.

एक प्रसंग सांगतो, गाव आणि पंप मनातच ठेवतो. १९९८ चा उन्हाळा. पंप भर बाजारपेठेत, टाकीचं तोंड रस्त्यापासून चार हातांवर. मॅनेजरने मला डिपचा आकडा सांगितला, पण ती डिप सकाळी सहाची होती. त्यानंतर दीड हजार लिटर विकलं गेलं असेल असं धरून त्याने ते वजा केलं होतं. प्रत्यक्षात सकाळपासून लाईट नव्हती, पंप बंद होता, एक लिटरसुद्धा विकलं गेलं नव्हतं. मीही पुन्हा डिपरॉड घातला नाही. भूक लागली होती, घाई होती, चूक माझीही. शेवटच्या चेंबरला टाकीच्या तोंडातून पेट्रोल उकळल्यासारखं वर आलं. व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत दीड-दोनशे लिटर गेलंच. ते रस्त्याकडेच्या गटारीला लागलं आणि पळत सुटलं. खाली तीस पावलांवर चहाची टपरी. मी ओरडत धावलो. टपरीवाला शांतपणे म्हणाला, "दूध नाही आलं अजून, स्टोव्ह बंदच आहे."

बाजार वाचला तो त्या दिवशी दुधवाला उशिरा आला म्हणून. वाळू टाकली, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी साठ-सत्तर पावलांवरच्या कापड दुकानाच्या तळघरात पेट्रोलचा वास येत होता आणि तिथला नोकर उदबत्ती लावायला निघाला होता. मला हा प्रसंग अजून स्वप्नात येतो.

आता कुणी म्हणेल, तो जमाना गेला. खरं आहे. आता टाकीतला माल मोजायला मशीन असतं, टँकरला कुलपं इलेक्ट्रॉनिक असतात, पोरं शिकलेली आहेत. पण पाईप जोडणारा हात माणसाचाच आहे. म्हणून तर अंतर ठेवायचं. माणूस चुकणार हे धरूनच अंतर असतं.

त्या अंतराचा नियम आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये तो काढला. नवा पंप शाळेपासून, दहा किंवा जास्त खाटांच्या दवाखान्यापासून आणि नेमून दिलेल्या रहिवासी भागापासून ५० मीटरच्या आत नको. अडचणच असेल तर जादा सुरक्षा उपाय करून ३० मीटरपर्यंत येता येईल, त्याच्या आत कोणत्याही कारणाने नाही. उच्चदाबाची तार पंपावरून जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर कुठून मोजायचं तेही त्यात लिहिलंय. टाकी भरायचं तोंड, नोझलची मशीन आणि व्हेंट पाईप, या तिन्हींपैकी जे जवळ असेल तिथून.

आमच्या गल्लीतल्या एका वकिलाने माहितीच्या अधिकारात नकाशाची प्रत काढली. त्यावर शाळेचं अंतर ११० मीटर लिहिलंय. मी चक्रावलो. नातीला घेतलं, प्लॉटला कंपाउंड घालताना आणलेली ५० मीटरची टेप काढली आणि दोघं पत्र्याच्या बाहेरून मोजत गेलो. नात हुशार. ती म्हणाली, "आबा, हे लोक गेटपासून गेटपर्यंत रस्त्याने फिरून आलेत." तसंच झालं होतं. पंपाच्या प्रवेशापासून कोपरा वळून, मेडिकलवरून शाळेच्या मुख्य दाराशी गेलं की ११० मीटर भरतात. पण नकाशावर व्हेंट दाखवलाय मागच्या कोपऱ्यात, आणि तिथून सहावीच्या वर्गाची भिंत सरळ रेषेत भरली ४१ मीटर. वाफ काही रिक्षा करून मेडिकलवरून जाणार नाही.

तर प्रश्न एवढाच आहे की टेप कुठून धरायची. नियम कडक आहे की ढिला हा वाद नंतरचा.

४१ मीटर हे ३० आणि ५० च्या मधलं आहे, त्यामुळे उद्या सांगतील की जादा उपाय करू, परवानगी द्या. पण ती सवलत अडचण असेल तर आहे. अडचण कुणाला म्हणायची? जुन्या धुळ्यात, गल्ली नंबर चार-पाचच्या आसपास, जिथे घराला घर चिकटलंय तिथे पंप हवाच असेल तर मी समजू शकतो की जागाच नाही. इथे दीड किलोमीटर पुढे गेलं की अजून तूर उभी आहे. इथे अडचण जागेची नाही. अडचण ही की ज्याला पंप लागला त्याचा प्लॉट नेमका इथे आहे.

हेही लोकांना माहीत नसतं. पंप कुठे हवा हे शहराचा नकाशा पाहून ठरत नाही. सरकारी तेल कंपन्या जाहिरात काढतात. नोव्हेंबर २०१८ ची जाहिरात तर देशभरात पन्नास हजारांहून जास्त ठिकाणांची होती. त्यात ठिकाण असं लिहितात की अमुक रस्त्यावर, अमुक चौकापासून इतक्या किलोमीटरच्या आत. ज्याच्याकडे त्या टप्प्यात जमीन आहे त्याचा अर्ज पहिल्या गटात. मग सोडत निघते. म्हणजे रस्ता कंपनी ठरवते आणि नेमका कोपरा ठरवतं कुणाचं तरी सातबाऱ्यावरचं नशीब. मग कागद फिरतात. पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे, जो नकाशा जातो त्यात भर असतो प्लॉटच्या आत काय कुठे आहे यावर. बाहेर काय आहे हे पाहायची जागा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला, पेट्रोलियम नियम २००२ मधला नियम १४४. पोलीस, महापालिका, अग्निशमन, बांधकाम, सगळे आपापला अभिप्राय देतात. त्यातल्या एकाने जरी टेप हातात घेऊन शाळेच्या मागच्या बाजूला चक्कर मारली असती, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

रहिवासी भागाची तर वेगळीच गंमत. पत्र्याला सगळ्यात जवळचं घर आमच्या रिटायर्ड पोस्टमन नानांचं. नोझलची मशीन जिथे दाखवलीय तिथून त्यांचा ओटा २७ मीटर. म्हणजे ३० च्या आत, विषय संपला. पण नियमात शब्द आहे 'नेमून दिलेला' रहिवासी भाग. आता नानांचं घर उभं आहे, लाईट आहे, नळ आहे, घरपट्टी भरतात, नातवंडं अंगणात खेळतात. पण ते यलो झोनमध्ये, म्हणजे रहिवासासाठी ठरवलेल्या पट्ट्यात आहे की जुन्या नकाशाप्रमाणे अजून शेतीच आहे, यावर म्हणे सगळं अवलंबून. हद्दवाढीतल्या प्रत्येक वस्तीत हा घोळ निघेल, आज ना उद्या. नाना मला म्हणाले, "मी पंचवीस वर्षं लोकांना पत्ते शोधून दिले, आता माझाच पत्ता कुणाला सापडेना."

वाफ धरून परत टँकरमध्ये न्यायची यंत्रणा निघालीय, ती बसवा असंही कुणी सुचवलं. चांगलीच आहे ती. पण तिचा नियम शहराच्या लोकसंख्येवर आणि खपावर आहे. दहा लाखांवरच्या शहरात महिन्याला १०० किलोलिटर खप असेल तर सक्ती, एक ते दहा लाखांच्या शहरात ३०० किलोलिटरला. धुळं २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांचं. ३०० किलोलिटर म्हणजे बारा हजारांच्या २५ गाड्या महिन्याला, जवळजवळ रोज एक. कॉलनीतला पंप एवढा खपत नाही, दोन दिवसाआड गाडी आली तरी खूप. म्हणजे पुण्यातल्या पोराच्या नाकाला जे संरक्षण आहे ते आमच्या पोराच्या नाकाला नाही. अर्थात कंपनी स्वखुशीने बसवत असेल तर कुणी तिचा हात धरलेला नाही.

आणखी एक गोष्ट, जी पारावर कुणी काढलीच नाही आणि मला सगळ्यात जास्त खुपते. तो कोपरा मुळात नाल्याचा आहे. जुनी माणसं सांगतील, तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असायचं. मुरूम टाकून वर आणलाय. अशा जागेत टाकी पुरली की पावसाळ्यात चोहीकडून पाणी दाबतं. मी डिपरॉडला पेस्ट लावून टाकीतलं पाणी बघायचो. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. सखल जागेवरच्या पंपांवर जुलै-ऑगस्टमध्ये तो बदललेला पाहिलाय. पूर्वी पाणी तळाशी बसायचं, उपसून काढता यायचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉलची पाण्याशी गट्टी. पाणी वाढलं की तो पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतो आणि मग बंद पडलेल्या मोटारसायकली ढकलत माणसं पंपावर भांडायला येतात. हे झालं आत येणाऱ्या पाण्याचं. टाकीला किंवा पाईपला बारीक गळती लागली तर बाहेर जाणाऱ्या पेट्रोलचं काय? आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल ते पाणाड्यालाही सांगता येत नाही. धुळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते आपल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. आमची अख्खी गल्ली बोअरवर जगते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या जुन्या मालकांवर अन्याय होईल. साक्री रोडला, पारोळा रोडला मी ज्या पंपांवर गाडी खाली केली त्यातले कितीतरी तेव्हा एकटे शेतात उभे होते. रात्री लांबून त्यांचा दिवा दिसला की हायसं वाटायचं. आज त्यांना तिन्ही बाजूंनी कॉलन्यांनी गराडा घातलाय. मी एका ठिकाणी पाहिलंय, स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर व्हेंट. तिथे पंपवाल्याची काय चूक? तो आधीपासून आहे. ५० मीटरचा नियम नव्या पंपाला बांधतो, नव्या घराला बांधत नाही. ले-आउट मंजूर होताना शेजारी पंप आहे हे कुणीतरी पाहायला हवं, तेवढा पट्टा झाडांना, पार्किंगला, गोदामाला सोडायला हवा. पण प्लॉट विकणारा उलट जाहिरातीत छापतो, 'पेट्रोल पंपाला लागून'!

धुळ्याला मोठ्या रस्त्यांची वानवा नाही. मुंबई-आग्रा आहे, सुरत-नागपूर आहे, सोलापूरचा रस्ता आहे. गाडी आत घ्यायला वेगळी मार्गिका, बाहेर काढायला वेगळी, टँकर रिव्हर्स न घेता सरळ बाहेर पडेल एवढी जागा, हे सगळं तिथे मिळू शकतं. आमच्या कोपऱ्यावर वीस हजारांची गाडी वळवायची तर दोन वेळा मागेपुढे करावी लागेल, तीही शाळा सुटायच्या रस्त्यावर. मी एकतीस वर्षांत एकही माणूस चाकाखाली घेतला नाही, पण त्या कोपऱ्यावर रोज गाडी न्यायला सांगितली असती तर मालकाला हात जोडले असते.

माझी मागणी फार मोठी नाही. ज्या कार्यालयाच्या सहीने हा दाखला निघणार आहे, तिथल्या साहेबांनी सहीआधी एकदा जागेवर यावं, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, शाळा भरलेली असताना. नकाशावरचं व्हेंटचं ठिकाण चुन्याने आखून घ्यावं आणि तिथून टेप सरळ रेषेत वर्गाच्या भिंतीपर्यंत, नानांच्या ओट्यापर्यंत ताणावी. कंपनीचा माणूस, मुख्याध्यापक, नाना, सगळे समोर असावेत. ५० भरले तर मी स्वतः नारळ फोडायला येईन. नाही भरले तर पंपवाल्यालाही पुढच्या रस्त्यावर दुसरी जागा दाखवायची मुभा द्यावी. त्याचेही पैसे अडकलेत, तो काही शत्रू नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते, तेवढा वार सोडून कधीही या. टेपचं दुसरं टोक धरायला मी आहेच.

आपला नम्र,
एक निवृत्त टँकरचालक
देवपूर, धुळे